बेडकीचा पाला आणि बिनसाखरेचं घर

अवसरी बुद्रुकला आमच्या घरासमोर शेवग्याचं एक झाड होतं आणि त्यावर मी एक वेल चढवली होती. नुसती चढवली नव्हती, तिच्या बुंध्याशी पत्र्याची पाटी ठोकली होती. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं : मधुनाशिनी. खाली बारीक अक्षरांत, 'पाने तोडण्यापूर्वी विचारावे.' गावात तिला सगळे बेडकीचा पाला म्हणत. ओढ्याकाठी करवंदीच्या जाळीत ती कुणी न लावता भरपूर वाढलेली होती, हे मला कळलं ते वेल जुन्नरहून पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणल्यानंतर दोन महिन्यांनी. तोपर्यंत पाटी रंगवून झाली होती, त्यामुळे मी ओढ्याकडे दुर्लक्ष केलं.

"पाटी कशापायी?" वडिलांनी विचारलं होतं. "येल पळून चाललीय व्हय?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. फळ्यावर रंगीत खडूनं जीभ काढायची, कुठली चव कशी कळते ते पोरांना सांगायचं, आणि शेवटी 'जे अनुभवाला येतं ते निर्भयपणे सांगावं, हाच विज्ञानाचा पहिला धडा' असं एक वाक्य टाकायचं, हा माझा दरवर्षीचा कार्यक्रम. पोरं ते वाक्य वहीत लिहून घेत. मलाही ते फार आवडायचं.

वेल आणायचं कारण वडील. त्यांच्या पायाला बटाट्याच्या रानात फावडं लागलं आणि ती जखम महिनाभर भरेना, तेव्हा मंचरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून साखर असल्याचं सांगितलं. वडिलांना ते पटलं नाही. गुऱ्हाळावर बसून वाटीभर काकवी पिणारा माणूस तो. त्यांच्या चहात साखर टाकताना आईचा हात दुखायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं, आणि वडिलांनी त्यातलं अर्धं ऐकलं. "गोळी घेतोय न्हवं?" ते म्हणायचे. "मंग ती गोळी काय करती? तिला कायतरी काम नको?" तिला काम मिळावं म्हणून त्यांनी धान्याच्या कणगीमागे गुळाची ढेप लपवली होती.

जुन्नरच्या पेठेत काष्ठौषधीचं एक जुनं दुकान होतं. लाकडी खणांची भिंत, तिच्यासमोर म्हातारे दुकानदार. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचो. त्यांना मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी मागच्या परसातल्या वेलीची दोन हिरवी पानं आणून मला चावायला दिली. कडवट, तुरट लागली. मग चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "खाओ मास्तर."

मी साखर तोंडात टाकली आणि तोंडात वाळू आली. वाळूच. दाताखाली करकर, जिभेवर काही नाही. दुसरी चिमूट घेतली, तीही वाळू. मी दुकानातच लहान मुलासारखा हसायला लागलो. माणसाच्या जिभेवरून गोड ही चीजच पुसून टाकणारं पान! ज्याला गोड कळणारच नाही तो गुळाची ढेप कशाला लपवील?

"गोळ्या बंद करायच्या न्हाईत हां," चाचा म्हणाले. "हे त्याच्या जोडीला. आन एक ध्यानात ठेवा. एक घंटा जबानला गोड समजत नाय. पाला खाऊन कुणाच्या घरी पावणं म्हणून जाऊ नका."

मी हो हो म्हणालो. माझं लक्ष वेलीच्या फांदीवर होतं.

ती वेल शेवग्यावर रुजली, दोन पावसाळ्यांत वर गेली, आणि मी वडिलांना रोज सकाळी दोन पानं चारू लागलो. ते 'मला बी शेळीगत सोडा की मोकळा' असं म्हणत चावायचे. गुळाची ढेप मात्र जागच्या जागी राहिली. वडिलांना पाल्याचा एक तास उलटण्याची वाट बघायची सवय लागली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तुळशीची लग्नं झाली आणि माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. आता एक अडचण उभी राहिली. मुलाच्या बापाला साखर आहे ही बातमी त्या काळी मुलाच्या नोकरीपेक्षा जास्त वेगानं जायची. साखर घराण्यात उतरते, पोरीच्या नशिबी आधी सासऱ्याचं आणि मग नवऱ्याचं पथ्य, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हते बोलत. आज मी स्वतः त्याचा पुरावा आहे. पण तेव्हा ठरलं की बाहेर बोलायचं नाही. मग मुलीकडे गेल्यावर वडिलांनी गोड नको म्हणायचं नाही, नाहीतर लगेच शंका. आणि गोड पुढ्यात आलं की वडील थांबायचे नाहीत, ही दुसरी भीती. आई काळजीत पडली. मी मात्र काळजीत नव्हतो. माझ्याकडे विज्ञान होतं.

पिंपरी पेंढारचं स्थळ मामानं आणलं होतं. मामा बोरी बुद्रुकचा. त्याच्याकडे जीप होती आणि आमच्या व त्याच्या अशा दोन्ही तालुक्यांतली खडान्‌खडा माहिती होती. मुलगी बारावी झालेली, शेतीचं घर, माणसं चांगली. वडील आणि मी एसटीनं आळेफाट्याला उतरलो. मामा जीप घेऊन उभाच होता. तिथून गाव जवळच, म्हणून मी खिशातून रुमालात बांधलेला पाला काढला आणि माझी योजना सांगितली. आता पाला खायचा. तिकडे गेल्यावर शिरा येईल, चहा येईल. दादांना, म्हणजे वडिलांना, गोड कळणार नाही, म्हणजे ते एखादा घास खाऊन आपोआप थांबतील. नको म्हणायला नको आणि खायलाही नको.

"डोकं हाय पोराला," मामा म्हणाला.

"मी एकटाच पाला खाऊ काय?" वडील म्हणाले. "खायचा तर तिघांनी खा. न्हाईतर मी न्हाई."

"दाजी म्हणत्यात तर खाऊ की," मामा म्हणाला.

वडिलांचा हट्ट मोडायला वेळ नव्हता. आळेफाट्याच्या चौकात, जीपच्या मागे, इस्त्रीचे कपडे घातलेली आम्ही तीन माणसं उभ्यानं पाला चघळत होतो. त्या क्षणी चाचांचं वाक्य मला आठवायला हवं होतं. आठवलं ते वेगळंच : पानं जास्त वेळ तोंडात घोळवली तर गुण जास्त. तेही मी दोघांना सांगितलं. शिवाय त्या घरी चूळ भरायला पाणी देतील तेव्हा चूळ भरू नका, औषध धुऊन जाईल, ही सूचनाही दिली.

पिंपरी पेंढारला अंगणात पाण्याचा तांब्या तयार होता. आम्ही हातपाय धुतले आणि तोंड मिटून आत गेलो.

मुलीचे वडील साधे, घाईघाईनं बोलणारे, सारखे 'बसा पावणं, टेका पावणं' म्हणणारे. पोहे झाले. मग शिरा आला, वर काजू, बाजूनं तूप सुटलेलं. वडिलांनी मोठा घास घेतला, दोनदा चावला आणि बशी हळूच खाली ठेवली. माझी छाती फुगली. योजना कामाला आली होती. मीही घास घेतला. तुपात भाजलेली वाळू. काय नामी पान आहे, मी मनात म्हणालो.

मग मुलगी चहा घेऊन आली. तिनं कप दिले आणि चौकटीशी उभी राहिली. वडिलांनी एक घोट घेतला. शिऱ्यात गोड नाही हे ते सोसू शकले होते. चहात गोड नाही हे त्यांना सोसवेना. आपण अर्ध्या तासापूर्वी काय खाल्लंय हे ते साफ विसरले.

"पोरी," ते म्हणाले, "साखर टाकायची इसरलीस व्हय गं?"

मामानं घोट घेतला. "व्हय की. बिनसाखरेचाच हाय. आन मला शिरा बी तसाच लागला, पर म्हटलं कशाला बोला."

मला पहिल्या घोटाला कळलं होतं. खरं म्हणजे शिऱ्याच्या घासालाच कळायला हवं होतं, पण तेव्हा मी खूष होण्यात गुंतलो होतो. आता मला एवढंच करायचं होतं : 'दादा, पाला' असं दोन शब्दांत सांगायचं. पण पाला का खाल्ला हे मग सांगावं लागलं असतं. वडिलांची साखर बाहेर आली असती. तीन माणसं रस्त्यात शेळीसारखी चरत होती हेही बाहेर आलं असतं. मी कप बघत बसलो.

मुलीनं कप आत नेले. आतून डबा उघडल्याचा, चमचा ढवळल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा चहा आला. वडिलांनी घोट घेतला आणि मान हलवली. "न्हाई गं. अजून न्हाई."

कप पुन्हा आत गेले. या वेळी तिची आई दाराशी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, मी सवता घातली. चार चार चमचे." तिसऱ्यांदा चहा आला तो इतका दाट होता की कपातून ओघळलेला थेंब बशीला चिकटून बसला. मामानं घोट घेतला आणि माझ्या वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मामाकडे बघितलं. दोघांच्या चेहऱ्यावर आता दया होती.

मुलीच्या वडिलांनी आपल्या कपातला घोट घेतला. त्यांच्या तोंडात पाकच गेला असणार; त्यांच्या कपाळाची शीर हलली, मला दिसलं. पण पाहुण्यांना खोटं कसं पाडायचं?

"व्हय," ते म्हणाले, "जरा कमीच हाय. पोरी, ध्यान कुठं असतं तुजं?"

त्या मुलीनं मान वर केली. पुढे आली, तिच्या वडिलांच्या हातातला कप घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर एक घोट घेतला. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीनं चहा पिणं हेच तेव्हा कुणी बघितलं नव्हतं.

"साखर हाय," ती म्हणाली. "पाक झालाय नुसता."

तिच्या वडिलांनी कसंनुसं हसून माझ्याकडे बघितलं. "सर, तुमी शिकलेलं मानूस. तुमीच सांगा, कसा लागतोय?"

सगळे माझ्याकडे वळले. तीही. समोरच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावरच्या बैलाकडे मी बघत राहिलो. फळ्यावर जीभ काढणारा, निर्भयपणे वगैरे शिकवणारा मी, घसा साफ करून म्हणालो, "चालेल. मला साखर कमीच लागते."

मला तेव्हा वाटलं, काय सुंदर बोललो मी. कुणाचाच अपमान नाही.

परतताना आळेफाट्याला मामानं जीप थांबवली आणि टपरीवर चहा सांगितला. एव्हाना पाल्याचा अंमल उतरला होता. वडिलांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "ह्याला म्हणत्यात च्या," ते म्हणाले. "त्या घरात हात आखडता हाय. आन पोरगी वर तोंड करून बापाला खोटं पाडती. नगं ते स्थळ."

"दाजी, आपण पाला—" मामाला काहीतरी आठवत होतं.

"पाल्याचं काय? त्यो तर मी रोज खातो."

मामा माझ्याकडे बघू लागला, म्हणजे खात्री करायला. मी म्हणालो, "मामा, उशीर होतोय." मामाचं समाधान झालं. जाणकार भाचा काही बोलत नाही त्याअर्थी पाल्याचा संबंध नसणार.

पुढे तीन आठवडे मी त्या गोष्टीचा विचार केला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. केला. पण दरवेळी शेवट एकच यायचा : आता काय, झालं गेलं. मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत ओतूरकडून येणारे एक शिक्षक गोष्ट सांगू लागले. त्या बघण्याला मीच गेलो होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेही मी लपवलं होतं. "पिंपरी पेंढारला एक बिनसाखरेचं घर आहे, ऐकलंत का?" ते म्हणाले. "पाहुण्यांनी तीनदा चहा परत पाठवला तरी पोरीनं साखर टाकली नाही. वर म्हणते, पाक झालाय. नवरा मुलगा बिचारा सज्जन निघाला. म्हणाला, मला कमीच लागते."

सगळे हसले. मीही हसलो. सज्जन मुलाचं कौतुक ऐकून मला थोडं बरंही वाटलं, हे इथं कबूल केलेलं बरं.

"आता परवा दुसरे पाहुणे गेले होते बघायला," ते पुढे सांगू लागले. "चहा आला तसा त्यांच्यातल्या एकानं खिशातून साखरेची पुडी काढली आणि बशीत ठेवली. म्हणाला, आम्ही घरून आणलीय. पोरगी तशीच आत गेली ती बाहेर आली नाही."

माझा डबा तसाच राहिला. मला लाज वाटली, आणि त्याआधी भीती वाटली, की ही पुडी आता त्या मुलीच्या मागे कुठवर जाणार. मामाच्या तोंडून निघालेली गोष्ट मला माहीत होती. ती आळेफाट्याहून दोन्ही बाजूंना जाते आणि परत येत नाही.

रविवारी शेवग्यावरून पाला तोडला, वेलीची एक जून फांदीही कापून ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि सेकंडहँड स्कूटरवरून एकटा पिंपरी पेंढारला गेलो. घरी न सांगता. अंगणात तोच तांब्या होता. मी चूळ भरली.

तिच्या वडिलांनी मला बघितलं आणि त्यांचे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मी म्हणालो, "मी प्रयोग दाखवायला आलोय." दुसरं काही सुचलं नाही. शिक्षकाची जात. तिचे वडील, आई आणि ती, तिघांना पानं चावायला दिली. मग साखरेचा डबा मागितला.

तिच्या वडिलांनी चिमूट तोंडात टाकली. थांबले. दुसरी टाकली. "आयला, वाळू!" ते ओरडले. "अगं, वाळू लागतीय!" तिच्या आईनं गुळाचा खडा खाऊन बघितला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग मी सगळं सांगितलं. वडिलांची साखर, जीपमागचा पाला, चूळ न भरण्याची सूचना, सगळं. तिचे वडील हसता हसता डोळे पुसू लागले. ते हसूच होतं असं मला वाटलं, पण ते बराच वेळ डोळे पुसत होते. "म्हंजी आमच्या पोरीची काय चूक न्हवती," ते दोनदा म्हणाले. आणि मग, "सर, मोठ्या मनानं आलात. चला, झालं गेलं. बैठक बसवू पुन्यांदा."

मीही मनातल्या मनात हो म्हटलं होतं. चुकीची कबुली देणारा मोठ्या मनाचा माणूस आणि त्याला भाळलेली मुलगी, असं माझं सगळं येता येता स्कूटरवरच जुळून आलं होतं.

ती मात्र हसली नव्हती. साखर खाऊन तिनं डब्याचं झाकण लावलं होतं. "एक इचारू?" ती म्हणाली. "तवा तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलायची तिथंही एक संधी होती. पण मी म्हणालो, "पहिल्या घोटाला."

"मंग आमी तीन डाव साखर टाकली, तवा तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"आन बापानं तुमाला इचारलं, तवा बी."

"हो."

"न्हाई," ती तिच्या वडिलांना म्हणाली. "मला हे स्थळ नको."

"अगं, पर ते सांगाया आल्यात न्हवं," तिचे वडील म्हणाले. "मी बी बोललोच की खोटं."

"तुमी पावण्यांसाठी बोललात. आन तुमी माजं बाप हाय." मग माझ्याकडे वळून, "तुमी कोन?"

 

मी उठलो. फांदी ओट्यावर ठेवली, निदान वेल तरी लावा म्हणालो. दारापर्यंत गेल्यावर तिनं मागून हाक मारली. "हितं सांगून काय उपेग? साखर व्हती हे आमच्या घरात सगळ्यास्नी ठावंच व्हतं. जिथं जिथं गोष्ट गेली तिथं सांगा."

आणि मी सांगितली. शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा ओतूरचे शिक्षक म्हणाले, "म्हणजे तो सज्जन तुम्हीच?" मंचरच्या बटाट्याच्या बाजारात सांगितली, न्हाव्याकडे सांगितली, आळेफाट्याच्या त्याच टपरीवर सांगितली. खिशात पाला आणि साखरेची पुडी ठेवायचो, कुणी विश्वास ठेवला नाही तर तिथंच चावायला द्यायचो. लोकांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढे पुढे ते स्वतःच बोलावून सांगायला लावू लागले. शाळेत पोरांनी मला 'बेडकीसर' हे नाव ठेवलं. ते नाव निवृत्तीपर्यंत टिकेल असा रंग आहे.

वडिलांची साखर दोन्ही तालुक्यांत पसरली. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग कुठंही गेलं की लोक आपणहून त्यांना बिनसाखरेचा चहा देऊ लागले, गोडाचं ताट बाजूला सारू लागले, तेव्हा ते आणखी आठ दिवस बोलले नाहीत. मामाची समजूत घालणं सगळ्यात अवघड गेलं. त्याच्या गावात, बोरीच्या पारावर त्याच्यादेखत मी गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "अरं, माजी गोष्ट चांगली चालली व्हती की राव."

पण त्याच पारावर एक म्हातारी माणदेशी टोपली विणत बसली— नाही, हे मी पुढे सांगताना घातलेलं आहे. टोपली नव्हती. बोरीतल्याच एका घरची बाई किराणा घेऊन जाताना थांबली होती आणि तिनं गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, एवढंच खरं. तिनं मला विचारलं, "म्हंजी बाप खोटं बोलला, पावणं खोटं बोललं, आन पोरगी एकली खरं बोलली?" मी हो म्हणालो. तिनं गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. तिचा मुलगा लग्नाचा होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते लग्न झालं. पिंपरी पेंढारच्या त्या मुलीच्या वडिलांनी मला पत्रिका पाठवली. मी गेलो, पंगतीला बसलो आणि वाढप्यानं माझ्या पानात जिलेबी टाकताना मोठ्यानं विचारलं, "सर, आज पाला खाऊन न्हाई ना आलात?" अख्खी पंगत हसली. मी तोंड उघडून दाखवलं.

माझं लग्न व्हायला आणखी दोन वर्षं लागली. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला अंगणातच तांब्या दिला आणि चूळ भरेपर्यंत समोर उभे राहिले.

मग वर्षं गेली. वडील गेले. एका वादळात शेवगा पडला आणि त्याच्याबरोबर वेल गेली. पाटी तेवढी राहिली, तिच्यावर आम्ही काही दिवस कोंबड्यांचं पाणी ठेवत होतो. ओढ्याचे काठ यंत्रानं साफ केले, करवंदीची जाळी गेली. जुन्नरचं दुकान चालूच होतं, पण चाचा नव्हते. आणि नवीन शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद माझ्यासमोर ठेवला. मी गोळ्या सुरू केल्या. मग मला पाल्याची आठवण झाली. गोडाची वासना मारायला तो चांगला, हे आता मला स्वतःसाठी हवं होतं, कारण मीही कपाटात चॉकलेटं लपवायला लागलो होतो.

"आमच्या बोरीला हाय की," मामा फोनवर म्हणाला. तो आता थकला होता, जीप विकली होती. "त्या पोरीनं माहेराहून आणलीय. आख्खं कुंपण भरलंय. लोकं लांबून पाला न्याया येत्यात. ती कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

जावं की नाही यात माझे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी गेलो. कुंपणावर वेल दाट चढली होती, बारीक पिवळी फुलं आलेली. माझ्याच फांदीची पोरं. अंगणात ती कांदे निवडत होती. केस कानाजवळ पांढरे झालेले. तिनं मला ओळखलं, कांद्याचे हात झटकले, आणि पाण्याचा तांब्या भरून दिला. मी चूळ भरली. तिच्या सासूबाईंनी ओट्यावरून मला बघितलं आणि त्या हसल्या.

"बसा," ती म्हणाली. "च्या टाकते."

ती आत वळायच्या आतच मी म्हणालो, "मला साखर आहे. वडिलांना होती तशीच. मला बिनसाखरेचा द्या."

ती दारात थांबली. "ह्या डावाला लवकर बोललात," म्हणाली आणि आत गेली.

मी ओट्यावर बसलो. कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. या वयात, चहाच्या कपासाठी. तिनं दोन कप आणले, एक मला दिला आणि दुसरा हातात घेऊन समोर उभी राहिली.

मी घोट घेतला. आलं होतं, दूध चांगलं होतं.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"साखर नाही यात," मी म्हणालो.

तिनं स्वतःच्या कपातला एक घोट घेतला. पूर्वी सगळ्यांसमोर घेतला होता तसाच.

"व्हय," ती म्हणाली. "न्हाईच हाय."